पस्तिसाच्या अलीकडे

ताप मोजायची काचेची नळी
पस्तिसापासून सुरू होते.
त्याच्या खाली तिला काही सांगायचं नसतं.
वाळपईच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
मी ती झटकत आले,
काखेत, जिभेखाली, रडणाऱ्या पोरांच्या जांघेत,
आणि पारा न हललेल्या माणसाला म्हणत आले:
काही नाही. घरी जा.

वांग्याच्या बियांना हवेत अठ्ठावीस.
आगशीहून काडेपेटीत भरून आलेल्या,
पिवळट, चपट्या, बोटाला चिकटणाऱ्या.
देणारी म्हणाली होती, रात्री सांभाळ.
डिसेंबरात म्हादईवरून धुकं चढतं
आणि पहाटे आमच्या ओट्यावर सोळा असतात.
सोळात बी मरत नाही.
ते नुसतं थांबतं,
आणि थांबता थांबता कुजतं.

पहिला ट्रे फ्रिजच्या डोक्यावर.
नवा फ्रिज, पाच ताऱ्यांचा,
डोकं म्हणून तापत नाही.
दुसरा टीव्हीच्या डब्यावर.
डबा गरम राहावा म्हणून आवाज बंद करून
रात्रभर मालिका चालू ठेवल्या;
तीन सासवा आणि एक पुनर्जन्म वाया गेला.
चौथ्या दिवशी मातीवर पांढरं काही दिसलं.
मला वाटलं, कोंब.
बुरशी होती.
चष्मा सापडेपर्यंतचा तो आनंद
खरा होता, त्याचं काय करायचं?

मग बोस्त्यांव पदेराकडे गेले,
ट्रे पदराखाली धरून,
उधार मागायला जावं तशी.
तो फळीवर उंडे मांडत होता.
म्हटलं, अठ्ठावीस पाहिजेत.
"आकडे म्हाका नाका, बाये. हात हाड हांगा."
माझं मनगट धरून त्याने
भट्टीच्या मागच्या भिंतीवरून फिरवलं.
इथे चटका.
इथे पीठ फुगतं.
आणि इथे मांजर झोपतं.
मांजराची जागा तुझी.

मांजर उठवलं.
ट्रेवर ओलं गोणपाट,
दोन दिवसांत मैद्याने पांढरं झालेलं.
रोज पहाटे चारला मी राउंडला जायचे,
मनगटाची आतली बाजू मातीवर टेकवायचे:
तापाच्या अलीकडची ती ऊब,
केसपेपरवर जिच्यासाठी कधी
रकानाच नव्हता.

सहाव्या दिवशी माती तडकली.
पाठीत वाकलेला एक कोंब,
डोक्यावर बीचं टरफल तसंच,
टोपी काढायची विसरून
घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

नाताळच्या आदल्या रात्री भट्टी बंद.
बोस्त्यांवचा नेव्हिल स्विंडनहून येणार होता,
आला नाही.
फोनवर म्हणाला, तिथे हीटरला
मिनिटामिनिटाचे पैसे पडतात.
बोस्त्यांवने सगळे निखारे
मागच्या भिंतीकडे ओढले,
तोंडाला पत्रा लावला.
"फातर दोन दीस विसरना," म्हणाला.
कुणाला म्हणाला, मी विचारलं नाही.
सव्वीसच्या रात्री भिंतीला हात लावला.
विसरली नव्हती.
चाळिसांतले तेवीस उभे होते.

आणि उभे राहिले की
हीच ऊब वाईट.
उबेत राहिले तर लांबतात, लटपटतात,
खिडकीकडे माना ताणून
दुपारपर्यंत आडवे होतात.
आता त्यांना गारवा हवा, ऊन हवं,
आणि कुणी सारखं डोकावू नये.
हे बोस्त्यांवला सांगितलं तेव्हा
तो बराच वेळ परात खरवडत राहिला.
स्वच्छ होती परात.
मग ट्रे त्यानेच उचलला,
सायकलच्या पावाच्या टोपलीत ठेवला
आणि आयुष्यात पहिल्यांदा
भोंगा न वाजवता
आमच्या दारापर्यंत चालत आला.

गोणपाट परत द्यायला गेले तर
मांजर जागेवर.
सवयीने त्याच्या काखेत बोट घातलं.
अडतीस तरी असेल,
मांजरांचं असतंच तेवढं.
काही नाही, म्हटलं.
झोप.